जागा

मुंज नगरला होती. पंगतीत दादा माझ्या शेजारी बसला होता. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, डोंबिवलीचा, माझ्याहून सात वर्षांनी मोठा आणि तेव्हा नुकताच नोकरीला लागलेला. मठ्ठा वाढणारा पुढे सरकेपर्यंत मी कसाबसा धीर धरला आणि मग विचारलंच, "कसे होते रे?"

"कोण?"

"अरे पर्पल!"

दादाने जिलबीचा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि सावकाश सांगितलं, "वाजवलं चांगलं. पण ब्लॅकमोर नव्हता. दुसराच कोणीतरी होता. नवरदेवाशिवाय वरात."

ही गोष्ट मे १९९५ची. त्याच्या आदल्या महिन्यात डीप पर्पल हा ब्रिटिश रॉक बँड मुंबईत वाजवून गेला होता आणि माझी अकरावीची परीक्षा चालू होती. बाबांना विचारायचा प्रश्नच नव्हता. तरी मी विचारलं होतं आणि त्यांनी वर्तमानपत्रातून डोकंही वर न काढता "पेपर संपले की हवं ते ऐक" एवढंच म्हटलं होतं. त्यामुळे दादाचं ते वाक्य मला मलमासारखं लागलं. त्यांचा गिटारवाला ब्लॅकमोर नव्हताच, मग काय गमावलं मी? काही नाही. त्या एका वाक्यावर मी पुढची कित्येक वर्षं काढली. तो 'दुसराच कोणीतरी' म्हणजे स्टीव्ह मोर्स. त्याला मी एक सूरही न ऐकता नापास करून टाकला आणि पेपर पुन्हा तपासायची गरज कधी वाटली नाही.

पर्पलचा 'मशीन हेड' हा अल्बम माझ्याकडे आला तोही दादाकडूनच, नव्वदच्या कॅसेटवर उतरवून. अल्बम जेमतेम ३७ मिनिटांचा, कॅसेटची बाजू ४५ मिनिटांची. उरलेल्या सात-आठ मिनिटांत दादाने दुसरं काही भरलं नव्हतं. या अल्बमच्या मागे दुसरं काही वाजता कामा नये, असं त्याचं म्हणणं होतं. त्यामुळे 'स्पेस ट्रकिन' संपलं की नुसती खरखर चालायची. बाबांना ती रिकामी फीत फार खुपायची. "एवढी जागा फुकट घालवली. दोन पदं बसली असती," असं ते दरवेळी म्हणायचे. त्यांच्या कॅसेटींत खरंच शेवटच्या इंचापर्यंत नाट्यसंगीत ठासून भरलेलं असे. पद मध्येच तुटलं तरी चालेल, फीत रिकामी राहता कामा नये.

त्या कॅसेटवर सात गाणी होती. मला ती तेव्हा एकाच माणसाची वाटायची. रिची ब्लॅकमोर, काळे कपडे, तिरसट चेहरा, हातात स्ट्रॅटोकास्टर गिटार. बाकीचे चौघे म्हणजे त्याचे साथीदार. 'हायवे स्टार'मधला त्याचा सोलो मी जिभेने टाळूवर वाजवायचो, बसमध्ये, वर्गात, स्वयंपाकघरात. तो सोलो त्याने आयत्या वेळी सुचेल तसा वाजवलेला नाही, घरी बसून एकेक स्वर ठरवून बांधलेला आहे आणि त्याखालची सुरावट बाखच्या वळणाची आहे, हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा थोडा विरसच झाला. मला वाटायचं की असं काही माणसाच्या बोटांतून थेट सांडतं. बांधलेली बंदिश म्हटल्यावर ती दुसऱ्यालाही वाजवता येणार, हे ओघानेच आलं. पण तिथपर्यंत विचार करायची माझी तयारी नव्हती.

अल्बम घडला कसा, हे पर्पलच्या चाहत्यांना पाठ असतं. तरी मी पुन्हा सांगणार आहे, कारण सत्यनारायणाच्या कथेसारखी ती दरवेळी पहिल्यापासूनच सांगायची असते.

डिसेंबर १९७१. स्वित्झर्लंडमधलं माँत्रू हे गाव, समोर जिनिव्हाचं सरोवर. पर्पलवाले तिथे आले ते कसिनोच्या इमारतीत रेकॉर्डिंग करायला. हिवाळ्यात कसिनो बंद राहणार होता. रोलिंग स्टोन्सचं फिरतं ध्वनिमुद्रण केंद्र भाड्याने आणलं होतं, म्हणजे आतून स्टुडिओ असलेला एक ट्रक. बंद होण्याआधीचा शेवटचा कार्यक्रम अमेरिकन संगीतकार फ्रँक झापा आणि त्याचा बँड मदर्स ऑफ इन्व्हेन्शन यांचा होता, ४ डिसेंबरला. ऐन कार्यक्रमात प्रेक्षकांतल्या कुणीतरी छताच्या दिशेने फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्याचा पेटता बार सोडणारं पिस्तूल, उडवली आणि कसिनो जळून खाक झाला. माँत्रूच्या जॅझ महोत्सवाचा कर्ताधर्ता क्लोद नोब्स याने धावपळ करून पोरांना बाहेर काढलं. सगळे वाचले. पर्पलवाले लांबून बघत राहिले, सरोवरावर धुराचा थर पसरत गेलेला. काही दिवसांनी बासवादक रॉजर ग्लोव्हर झोपेतून उठला तो चार शब्द बडबडतच. तेच पुढे गाण्याचं नाव झालं, 'स्मोक ऑन द वॉटर'.

मग दुसरी जागा शोधली, पॅव्हिलियन नावाचं एक थिएटर. तिथे एका चालीचा पाया उतरतोय न उतरतोय तोच शेजाऱ्यांच्या तक्रारी आणि दारात पोलीस. बँडचे गडी आतून दार दाबून उभे राहिले, तेवढ्यात टेक पुरा झाला. आज जगातल्या प्रत्येक गिटारच्या क्लासात पहिल्या आठवड्यात वाजतो तो तुकडा तो हाच. शेवटी मिळालं ग्रँड हॉटेल, हिवाळ्यामुळे बंद आणि गारठलेलं. त्याच्या एका बोळात गाद्या उभ्या करून आवाज अडवला आणि तिथेच वाजवलं. बाहेरच्या ट्रकपर्यंत जायचं तर खोल्या आणि गच्च्या ओलांडत इतकं फिरून जावं लागे की एकेक टेक जाऊन ऐकण्याचा नाद त्यांनी सोडूनच दिला. ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च बरं म्हणाला की बरं. महिना संपायच्या आत काम आटोपलं. मार्च १९७२मध्ये अल्बम बाजारात आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला.

आता बाबा.

बाबांना हा सगळा प्रकार गोंगाट वाटायचा आणि तसं ते स्पष्ट बोलायचे. पण कान त्यांचा पक्का. कर्वे रोडवर अलूरकरांच्या दुकानात उभं राहून ते तासभर बालगंधर्व ऐकायचे आणि एखादीच कॅसेट घेऊन यायचे. गंधर्वांच्या मागे ऑर्गन वाजतो. पायाने भाता मारायचा तो, स्वर धरून ठेवणारा, गाणाऱ्याने श्वास घेतला तरी न तुटणारा. एकदा 'लेझी' चालू असताना बाबा दारात थबकले. त्या गाण्याच्या सुरुवातीला बराच वेळ गिटार नाहीच, जॉन लॉर्ड एकटा हॅमंड ऑर्गनवर बसलेला असतो. तो हा ऑर्गन मार्शल ॲम्प्लिफायरमधून काढायचा, त्यामुळे त्याला गिटारसारखा खरखरीत काठ यायचा. बाबांनी पूर्ण ऐकलं. गिटार सुरू झाली तेव्हा म्हणाले, "ऑर्गनवाला तयारीचा आहे. जागा चांगल्या घेतो." जागा म्हणजे सुरांतली खास वळणं. एवढं बोलून ते आत गेले.

मला राग आला होता. पाच जणांत कौतुक करायला त्यांना ऑर्गनवालाच सापडावा!

दुसऱ्या एका वेळी मी कॉलेजातल्या एकाची गिव्हसन गिटार घरी आणली होती आणि 'स्मोक'चा तो सुप्रसिद्ध तुकडा एका तारेवर बडवत होतो. खरं तर ब्लॅकमोर तो एका तारेवर वाजवत नाही. दोन तारा एकदम, पिक न वापरता बोटांनी छेडतो आणि त्या दोघींत अंतर असतं षड्ज-मध्यमाचं. बाबांनी मला थांबवून पुन्हा वाजवायला लावलं आणि बरोबर गुणगुणले, "सा, कोमल ग, म. सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध म." मग हसले. "दोन्ही मध्यम शेजारीशेजारी, ललतात असतात तसे. बाकी ललताचा आणि याचा काही संबंध नाही." मी कॅसेट लावली. पहिला आघात ऐकून ते म्हणाले, "खाली पंचम आहे की. मंद्र पंचम आणि वर सा. तानपुऱ्याच्या पहिल्या दोन तारा."

हे मला त्यानंतर कधीच न-ऐकल्यासारखं करता आलं नाही. आजही तो तुकडा सुरू झाला की पहिल्या ठोक्याला तानपुरा छेडला जातो आणि पुढच्या क्षणी कसिनो पेटतो.

पुढे नोकरी, लग्न, बदल्या. कॅसेटी माळ्यावर गेल्या. पर्पलवर मी लक्ष ठेवून असायचो, पण दूरच्या नातेवाइकांवर ठेवतात तितपतच. लॉर्डने २००२मध्ये बँड सोडला आणि डॉन एअरी आला. २०१२च्या जुलैत लॉर्ड गेला. त्या दिवशी बाबांना सांगितलं तर त्यांनी विचारलं, "तो ऑर्गनवाला?" नाव त्यांना कधीच ठाऊक नव्हतं.

मग जुलै २०२२. बातमी अगदी लहान होती: पत्नीच्या कर्करोगामुळे स्टीव्ह मोर्सने डीप पर्पल सोडलं. तिची काळजी घ्यायला तो घरी थांबणार होता. त्याच्या जागी उत्तर आयर्लंडचा सायमन मॅकब्राइड वाजवणार.

मी बातमी दोनदा वाचली, कारण तिच्यात एक हिशेब होता आणि तो मला जुळत नव्हता. मोर्स १९९४च्या अखेरीस बँडमध्ये आला. म्हणजे जवळजवळ २८ वर्षं. ब्लॅकमोर पहिल्यांदा १९६८ ते १९७५ होता, नंतर १९८४ ते १९९३. दोन्ही मिळून सोळा-सतरा. माझ्या डोक्यात जो माणूस मुंबईच्या एका रात्रीपुरता आलेला बदली कामगार होता, तो मूळ मालकापेक्षा दहा-अकरा वर्षं जास्त राबून घरी निघाला होता. आणि मी अजून त्याचं नीट काही ऐकलेलं नव्हतं.

या बँडमध्ये गिटारवाल्याची खुर्ची तशी तापलेलीच राहिली आहे. १९७५मध्ये ब्लॅकमोर पहिल्यांदा निघून गेला तेव्हा तिथे टॉमी बोलिन बसला, कोवळा, विलक्षण हाताचा अमेरिकन पोरगा. त्याने एकच अल्बम केला, 'कम टेस्ट द बँड'. लोक त्याच्यात ब्लॅकमोर शोधत राहिले. १९७६च्या मार्चमध्ये बँड मोडला आणि डिसेंबरात बोलिनच गेला, अमली पदार्थांनी, पंचविसाव्या वर्षी. ब्लॅकमोर दुसऱ्यांदा गेला तो नोव्हेंबर १९९३मध्ये, दौरा अर्धवट टाकून. पुढ्यात जपानचे कार्यक्रम, तिकिटं विकली गेलेली. जो सॅट्रियानीने धावत येऊन ते निभावले आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत साथ दिली. मग मोर्स. ओहायोत जन्मलेला, डिक्सी ड्रेग्ससारख्या अवघड वाजवणाऱ्या बँडचा कर्ता, मधल्या काळात विमान कंपनीत वैमानिक म्हणून नोकरीही करून आलेला. ब्लॅकमोरची स्ट्रॅट, तर याची म्युझिक मनची चार पिकअपवाली. तो मिरवायचा एका हातात बारूद घेतल्यासारखा, आणि हा वाजवताना चक्क हसतो. दादाला बहुतेक तेच खटकलं असणार. ज्याच्याकडे घाबरून बघायचं तो माणूस हसतोय म्हणजे काय!

संगीत नाटकाच्या प्रेक्षकाबद्दल बाबा सांगायचे की त्याचं समाधान करणं अशक्य. प्रत्येक पदातली प्रत्येक जागा त्याला तोंडपाठ. नव्या नटाने ती घेतली नाही तर "हे काय, जागा सोडली" म्हणणार आणि जशीच्या तशी घेतली तर "नक्कल आहे" म्हणून पान लावायला घेणार. मोर्सने २८ वर्षं या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत काढली. 'हायवे स्टार'चा बांधलेला सोलो तो बांधलेल्या वळणानेच न्यायचा, कारण तिथे समोरचे हजारो लोक तो तोंडाने म्हणत असतात. बाकी ठिकाणी स्वतःचं. पुढे उजव्या मनगटाला संधिवात झाला, तेव्हा आयुष्यभराची पिक धरायची पद्धत त्याने बदलली आणि वाजवत राहिला. २०१६मध्ये अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने डीप पर्पलला मान दिला. आठ नावं घेतली, त्यांत ब्लॅकमोर होता, तो आला नाही. मोर्स तेव्हा बावीस वर्षांपासून बँडमध्ये होता आणि त्याचं नाव यादीत नव्हतं.

हे वाचून मला जी लाज वाटली, ती घेऊन मी 'मशीन हेड'कडे परत गेलो. खास हेडफोन घेतले, दार लावलं आणि पहिल्यापासून ऐकलं. निमित्तही चांगलं मिळालं. २०२४मध्ये या अल्बमची पन्नाशीची आवृत्ती निघाली (दोन वर्षं उशिरा, म्हणजे आपल्याकडच्या अमृतमहोत्सवांसारखीच) आणि तिचं नवं मिश्रण कुणी करावं? ड्वीझिल झापाने. फ्रँक झापाच्या मुलाने. कसिनो जळाला तेव्हा तो दोन वर्षांचा होता. बापाची वाद्यं ज्या आगीत गेली, त्या आगीवरच्या गाण्याचे ट्रॅक पोरगा एकेक करून सोडवत बसलाय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

यावेळी मी मुद्दाम गिटारकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं होतं. तीस वर्षं तेच केलं होतं. आणि मग हळूहळू बाकीचे दिसायला लागले. ड्रमवाल्या इयन पेसचा हाय-हॅट, म्हणजे ड्रमच्या संचातली झांजांची जोडी: 'स्मोक'मध्ये गिटार एकटी फिरून आल्यावर तो आत येतो, नुसता चिकचिकचिक, जणू कुणी घाईने जिना उतरतंय. 'पिक्चर्स ऑफ होम'मध्ये सगळे थांबतात आणि ग्लोव्हरच्या बासला एक कोपरा मिळतो. हा कोपरा मी शेकडो वेळा ऐकला होता आणि दरवेळी 'आता गिटार कधी येणार' म्हणून तिथून पळत पुढे गेलो होतो. गायक इयन गिलन तर गातो कमी आणि किस्से सांगतो जास्त. आणि लॉर्ड, तो सगळीकडे आहे. मी ज्या आघातांना ब्लॅकमोरची गिटार समजत आलो, त्यांतले कितीतरी खरं तर दोघांचे मिळून आहेत. गिटार आणि मार्शलमधून आलेला ऑर्गन एकमेकांत असे मिसळलेत की शिवण दिसत नाही. बाबांना ती एका दुपारी दारात उभ्या उभ्या दिसली होती.

ब्लॅकमोर याने लहान झाला का? अजिबात नाही. उलट, गर्दीत तो कुठे गप्प बसतो हे आता ऐकू येतं आणि ते त्याच्या वाजवण्याइतकंच भारी आहे. पण 'नवरदेव' हा शब्द मात्र चुकलाच. ग्रँड हॉटेलच्या त्या बोळात गारठलेले पाच जण होते.

आणि एक सहावी गोष्टही होती, जी दादाच्या कॅसेटवर नव्हती.

त्याच डिसेंबरात, त्याच बोळात पर्पलने आठवं गाणंही मुद्रित केलं होतं, 'व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज'. संथ, साडेतीन मिनिटांचं, या बँडच्या मानाने जवळजवळ कुजबुजीत गायलेलं. ब्लॅकमोरला ते रुचलं नाही आणि ते अल्बममधून वगळलं गेलं. 'नेव्हर बिफोर'च्या सिंगलची मागची बाजू भरायला तेवढं वापरलं. रंगमंचावर तर तो ते वाजवायचाच नाही. १९७२च्या अमेरिका दौऱ्यात ब्लॅकमोर आजारी पडला आणि क्यूबेकच्या एका कार्यक्रमाला रँडी कॅलिफोर्निया नावाचा दुसरा गिटारवादक उभा राहिला, तेव्हा बाकीच्यांनी ते गाणं वाजवून घेतलं. घरातला कडक माणूस गावाला गेल्यावर पोरांनी आवडीचं करून खावं, तसं. त्यानंतर वीस वर्षं ते बंदच. ब्लॅकमोर कायमचा गेला आणि मग ते परत आलं. मोर्सच्या काळात ते कार्यक्रमातलं हक्काचं गाणं झालं. त्याची सुरुवात करताना मोर्स स्वर एकदम छेडत नाही, मागून हलकेच उमलू देतो, आणि मग मधल्या मोकळ्या जागेत असा काही पसरतो की सारंगीवाल्याची आठवण यावी. १९९७च्या आवृत्तीपासून ते 'मशीन हेड'ला जोडून मिळू लागलं.

साडेतीन मिनिटं. दादाच्या कॅसेटवर खरखर उरली होती ती सात-आठ मिनिटांची.

मागच्या दिवाळीत डोंबिवलीला गेलो. दादा आता निवृत्तीला आलाय, साखर सांभाळून फराळ करतो. मुंबईच्या त्या रात्रीचं चित्रीकरण झालं होतं आणि ते पुढे 'बॉम्बे कॉलिंग' नावाने बाहेर आलंय, हे त्याला ठाऊकच नव्हतं. टीव्हीला फोन जोडला आणि लावलं. वहिनी दाराआड डोकावून "आवाज कमी" असं खुणेने सांगून गेली.

गिलनचे केस लांब, लॉर्ड अजून आहे, मोर्स हसतोय. पुढच्या वर्षी यायच्या 'पर्पेंडिक्युलर' अल्बममधली गाणी त्या रात्री मुंबईकरांनी आधीच ऐकली होती आणि बहुतेकांनी ती दादासारखीच सोडून दिली असणार. दादा मात्र आता पुढे सरकून बसला होता. "हा भारी वाजवतोय की रे," तो दोनदा म्हणाला. पहिल्यांदा माझ्याकडे न बघता आणि दुसऱ्यांदा बघून. मी काही बोललो नाही. नगरच्या पंगतीची आठवण करून द्यायचा मोह मी चकलीवर भागवला.

मग ते संथ गाणं आलं. कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला. घामेजलेले चेहरे, काळे टीशर्ट, कुणीतरी कुणाच्या तरी खांद्यावर.

"हे कुठलं?" दादा म्हणाला.

मी नाव सांगितलं. 'मशीन हेड'चंच, राहून गेलेलं, हेही सांगितलं.

तो शेवटपर्यंत गप्प होता. संपल्यावर म्हणाला, "मागे घे जरा." मी मागे घेतलं. पुन्हा सुरुवात, पुन्हा कॅमेरा गर्दीवर. त्याने चष्मा चढवला आणि सोफ्यावरून उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेला.

"मी यात दिसणार नाही," तो म्हणाला. "हे गाणं ओळखीचं नव्हतं ना. मी तेव्हा पाण्याच्या रांगेत होतो."